आमचे मास्तर
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. कचेरीत आवक-जावक लिहिणारा कारकून, शिक्षण एस.एस.सी. तरीही समितीने आग्रह केला म्हणून आमच्या दिवंगत मास्तरांविषयी चार शब्द बोलण्यास उभा आहे. मास्तरांच्या मातोश्रींची इच्छा आहे की, देवळाच्या पुस्तकात त्यांचे नाव छापू नये. देणगीच्या यादीतही त्यांनी 'एक भक्त' असेच लिहविले होते. म्हणून मीही नाव घेत नाही. कोणाविषयी बोलतो आहे हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

1990 साली 'अग्निपथ' चित्रपट आला आणि आपल्या मांडव्याचे नाव हिंदुस्थानभर झाले. त्यातला नायक मांडव्याच्या मास्तरांचा मुलगा. आम्ही तेव्हा शाळकरी पोरे. कुठे लग्नाकार्याला गेलो की लोक विचारीत, "मांडव्याचे का? तो मास्तर खरा होता का हो?" आमचा मित्र सांगे, "नाही, पण मी होणार आहे." चित्रपटातल्या मास्तरांचा जीव गावकऱ्यांनीच घेतला. आमच्या मास्तरांना मात्र गावाने जीव लावला.

आम्ही दोघे एका बाकावरचे. 1994 साली एस.एस.सी. झालो. मी वडिलांच्या पश्चात अनुकंपा तत्त्वावर शिपाई म्हणून लागलो, पुढे कारकून झालो. तो डी.एड. झाला आणि शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजार मानधनावर तीन वर्षे राबला. बरोबरीची पोरे मुंबईकरांच्या बंगल्यांवर राखणदारी करून त्याहून जास्त मिळवीत होती. हा मात्र कातकरवाडीत सकाळी सातला जाऊन पोरांना अंथरुणातून उठवून शाळेत आणी.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्याच चुकीची आहे, आणि आईच्या दारात उभे राहून ती झाकणे मला जमणार नाही.

2016 सालची गोष्ट. वाडीतील एका मुलीला आश्रमशाळेत घालायचे होते, त्यासाठी जातीचा दाखला हवा होता. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. कातकऱ्याने तो आणायचा कुठून? नावावर जमीन नाही, म्हणजे सातबारा नाही. बाप शाळेची पायरी चढलेला नाही. दिवाळी झाली की कुटुंब वीटभट्टीवर, ते पावसाच्या तोंडावर परत. मास्तरांनी तीन शाळांची जुनी जनरल रजिस्टरे चाळली आणि मुलीच्या आजोबांची नोंद शोधून काढली. फाइल माझ्याच टेबलावर आली. नोंदीतल्या नावात एका अक्षराचा फरक होता. मी शेरा मारला, 'त्रुटीपूर्ततेसाठी परत.' गृहचौकशीचा अहवाल मागवून काम पुढे नेता आले असते, हे मला माहीत होते. पण टेबलावर गठ्ठा मोठा होता आणि बाकावरचा मित्र म्हणजे पुन्हा येईलच, असा हिशेब मी केला.

जून गेला, प्रवेशाची तारीख गेली. दिवाळीनंतर आई-बाप त्या मुलीला भट्टीवर नेऊ लागले, तेव्हा मास्तरांनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. वर्षभर ती त्यांच्या आईच्या हातचे जेवली. पुढच्या वर्षी तीच फाइल घेऊन मास्तर पुन्हा माझ्यापुढे उभे. मी मान खाली घातली. ते एवढेच म्हणाले, "अरे, अक्षर तेच आहे. तू चष्मा लावून बघ." पंधरा दिवसांत दाखला झाला. त्या वर्षाबद्दल पुढे त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आले. शाळेची कौले उडाली, या देवळाचीही उडाली. मास्तर दुसऱ्या दिवशी आधी शाळेत गेले, मग देवळात आले. यावर काही मंडळी रागावली होती; नावे सांगत नाही, ती इथेच बसली आहेत. शाळेत त्यांनी आधी काय हलविले? भिजलेली रजिस्टरे. आईच्या बाजेवर एकेक पान उलगडून ती वाळविली. वाडीतल्या कितीतरी घरांचा पुरावा त्या पानांवरच आहे.

एप्रिल 2021 मध्ये कोरोनाने त्यांना नेले. अंत्ययात्रेस वीसच माणसांची परवानगी होती. त्या विसात मी नव्हतो. गावाला शोकसभाही घेता आली नाही, म्हणून आज कलश चढण्याच्या आनंदात हे दुःख मध्येच आणले, त्याची क्षमा असावी. ती मुलगी आज परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. सकाळपासून पंगतीत वाढते आहे, ती तीच.

समितीच्या परवानगीने एक सूचना करतो. येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी सायंकाळी सहा ते आठ मी या नव्या सभामंडपात बसणार आहे. वाडीतील ज्यांचे दाखले अडले असतील त्यांनी कागद घेऊन यावे. अर्ज मी भरून देईन. झेरॉक्स नसली तरी चालेल, नावात अक्षर चुकले असले तरी यावे.