कहाणीची साक्ष



बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने केली, हे आपण सारे जाणता. हुकूम कोणाचा, हे इतिहास सांगतो. मातीच्या टोपल्या कोणी वाहिल्या, हे मात्र घरोघरी ऐकलेल्या कहाण्यांतच शोधावे लागते. अशा कहाणीला ज्ञान म्हणावे काय, हा आजचा प्रश्न आहे.

म्हणावे, असे उत्तर पुणे विद्यापीठातील प्राध्यापिका शर्मिला रेगे यांनी दिले. २००६ साली निघालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी आठ दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा विचार केला. त्यांत शांताबाई कांबळे व बेबीताई कांबळे आहेत, तशाच आपल्या नागपूरच्या कुमुद पावडेही आहेत. ही नुसती दुःखाची वर्णने नव्हेत. जात आणि पुरुषी सत्ता कशी चालते, याची ती साक्ष आहे, असे बाईंचे म्हणणे. एकीने बोलावे आणि ते साऱ्या समाजाचे व्हावे, ही साक्षीची रीत लॅटिन अमेरिकेतली. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू या आदिवासी स्त्रीची कहाणी अशीच जगभर गेली.

विडी-कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला हे लगेच पटते. छाटीची तक्रार लिहविताना बाई आकड्यापासून सुरुवात करीत नाही. पाने खराब कशी आली, तंबाखू तोलात कमी कसा भरला, रात्री दिव्यापाशी बसून हजार विड्या पुऱ्या कशा केल्या, हे सांगून मग ती छाटीवर येते. लिहिणारा म्हणतो, "मुद्द्याचे बोला." अहो, मुद्दा तोच! पानेच वाईट, तर छाट वाढणारच. १९६६च्या विडी कायद्याने माल देण्याचे आणि छाटीचे तंटे एकाच कलमात घातले होते. बाईची कहाणी तीच साखळी जोडून दाखवते.

रेगे स्वतः दलित नव्हत्या. दलित स्त्रियांच्या वतीने बोलू नये, त्यांच्या लढ्यांतून शिकून आपला विचारच बदलावा, अशी भूमिका त्यांनी १९९८ साली मांडली. २०१३ साली त्या गेल्या. त्यांचे म्हणणे मागे राहिले. संघटनेत 'आम्ही' म्हणणे सोपे असते. त्या 'आम्ही'त विडी वळणारी बोलते की तिचा पुढारी, हे दर सभेत तपासले पाहिजे.

म्हणून आमची विनंती एवढीच. या उन्हाळ्यात घरातल्या वडीलधाऱ्या बायांपाशी बसा. त्यांचे बोल त्यांच्याच बोलीत, त्यांच्या नावानिशी उतरून घ्या. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. आणि "असं नव्हतं" म्हणाल्या, तर खोडून पुन्हा लिहा.