हाताखालची माणसे कशी जोडावीत?

(वर्धापन दिनानिमित्त विहारात दिलेले भाषण)



आपल्या पिंपळे गुरवमधली कितीतरी घरे भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांवर चालतात. आपले वडील हेल्पर होते, आज आपली मुले सुपरवायझर झाली आहेत. त्यांच्या हाताखाली कंत्राटी पोरे आहेत, कोणी मराठवाड्याची तर कोणी बिहारची. तेव्हा साहेबाने आपल्याशी कसे वागावे एवढे बोलून आता भागणार नाही. आपण साहेब झाल्यावर कसे वागतो, हेही पाहिले पाहिजे.

१९८९ सालचा पिंपरीच्या टेल्कोतील संघर्ष जुन्या मंडळींना आठवत असेल. कंपनी नावाजलेली. तरीही सप्टेंबरमध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि शेवटी पोलिसांनी त्यांना उचलले. आपण कामगारांना गृहीत धरले होते, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केले.

आळवीच्या हत्थकाबरोबर पाचशे उपासक होते. एवढी माणसे कशी जोडलीस, असे भगवंतांनी विचारले. त्याने चार गोष्टी सांगितल्या : दान, प्रिय वाणी, दुसऱ्याच्या उपयोगी पडणे आणि समान वागणूक. ज्याला ज्याची गरज, त्याला ते द्यायचे.

कोणी म्हणेल, पगार वाढवणे आमच्या हातात कुठे आहे? बरोबर आहे. पण सिगालाला केलेल्या उपदेशात मजुरीबरोबर आणखीही गोष्टी आहेत : झेपेल तेवढे काम, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मालक-सेवकांचा विनय आवर्जून घेतला आहे. ते स्वतः १९४२ ते १९४६ मजूर मंत्री होते. ह्यातले पुष्कळसे सुपरवायझरच्या हातात असते. रात्रपाळी केलेल्या पोराला लगेच दुसऱ्या पाळीला थांबवू नका. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत आईबहिणीवरून बोलू नका. काम चांगले झाले तर वरच्या साहेबाला त्याचेच नाव सांगा. दोन दिवस आला नाही तर खाडा मांडण्याआधी विचारपूस करा.

आणि चौथी गोष्ट समानतेची. पाण्याचा वेगळा पेला काय असतो, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. मग कंत्राटी पोराने कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसावे, हे आपल्याला कसे चालेल? उद्या त्याच्या शेजारी डबा उघडा. धाकाने केलेले काम आपली पाठ वळेपर्यंतच टिकते. आपुलकीने जोडलेला माणूस अडचणीच्या दिवशीही बरोबर उभा राहतो.