पेज नदीचे मासे आणि दुबळा स्नायु

खोपोलीच्या वीजघरांतून १९१५ पासून सुटणारें पाणी पाताळगंगेला मिळतें, भिवपुरीचें पेजेला. म्हणून खालापूर-कर्जतकडील या नद्या ऐन वैशाखांतहि वाहत्या असतात. पुलावरून पाहिलें तर बोटाएवढे मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागीं स्थिर दिसतात. ही स्थिरता म्हणजे विश्रांति नव्हे. मासा अखंड पोहत असतो. एका कुशीचे स्नायु आखडतात तेव्हां दुसऱ्या कुशीचे सैलावतात, आणि ही लाट शेपटीपर्यंत जाते. स्नायूंचे खंड चिवट पडद्यांनीं एकमेकांस जोडलेले असतात. ओढ त्यांतूनच पुढें जाते.

ही जोडणीच जन्मतः कच्ची असली तर? त्याचें उत्तर पट्टेरी डॅनिओ या भारतीय माशानेंच दिलें. १८२२ मध्यें फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं त्याचें वर्णन केलें. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात. त्याचें पिलूं दोन-तीन दिवसांत अंड्याबाहेर येतें, आणि इतकें पारदर्शक असतें कीं त्याचे स्नायु जिवंतपणींच पाहतां येतात. ध्रुवीकृत प्रकाशांत निरोगी स्नायु उजळतो, फाटलेल्या जागीं काळोख दिसतो.

कांहीं पिलांच्या स्नायूंत असा काळोख आढळे. डिस्ट्रोफिन नांवाच्या प्रथिनाच्या जनुकांतील दोष त्यामागें आहे, हें २००३ मध्यें सिद्ध झालें. हें प्रथिन तंतूच्या आंतल्या सांगाड्यास बाहेरच्या वेष्टनाशीं बांधून ठेवतें. तें नसलें म्हणजे पोहण्याच्या ओढीनेंच तंतु पडद्यापासून सुटतात. केसानें स्पर्श करतांच निरोगी पिलूं बाणासारखें सुटतें. रोगी जेमतेम वळतें. त्याचे आईबाप मात्र नीट पोहतात. दोघांकडूनहि सदोष जनुक आलें तरच विकार होतो, म्हणजे सरासरी चारांत एका पिलास.

मनुष्यांत हेंच जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानें ड्यूशेन विकार बहुधा मुलग्यांनाच होतो. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडूं लागतो. जमिनीवरून उठतांना मांड्यांवर हात टेकीत उभा राहतो. घरच्यांस तो आळशी वाटतो, हें त्या मुलाचें दुसरें दुर्दैव.

लॅमिनिन या दुसऱ्या प्रथिनाचा दोष असलेल्या पिलांवर २००७ मध्यें प्रयोग झाले. भूल देऊन त्यांची हालचाल थांबवितांच तंतु सुटणें कमी झालें. यावरून मुलास अंथरुणास खिळवावें, असें मात्र कोणी समजूं नये. न हललेले सांधे आखडतात. उपयोग निराळा आहे: औषध पाण्यांत विरघळवून शेंकडों पिलांवर एकदम पारखतां येतें. डिस्ट्रोफिन नसलेल्या पिलांवर २०११ मध्यें अशी हजाराहून अधिक द्रव्यें पारखलीं गेलीं, आणि दम्यावरील जुनें अमिनोफायलिन त्यांत सर्वांत गुणकारी ठरलें. पिलांस आलेला गुण मुलांस येईलच असें नाहीं. ती परीक्षा रुग्णालयांतच व्हावी लागते.