भरपाईचा हिशेब आणि जेत्यांची फूट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२५ एप्रिल १९४५ रोजी एल्ब नदीकाठी टोर्गाऊ येथे अमेरिकन आणि सोव्हिएत सैनिकांनी एकमेकांचे हात हाती घेतले. सव्वातीन वर्षेही लोटली नाहीत, तोच या दोन सत्ता बर्लिनमध्ये एकमेकींसमोर शत्रू म्हणून उभ्या ठाकल्या. भांडवलशाही आणि साम्यवाद यांचे वैर जन्मजातच, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ते वैर १९४१ मध्येही होतेच. तरी दोस्ती झाली. म्हणून तत्त्वज्ञान क्षणभर बाजूला ठेवून आपण हिशेबाची वही उघडू.

युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली; पश्चिमेकडील मुलूख बेचिराख झाला. याल्टा येथे त्याने जर्मनीकडून २० अब्ज डॉलरची भरपाई मागितली आणि तिच्यातील निम्मी स्वतःसाठी. मागणी अन्यायाची नव्हती. पण पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने अमेरिकन कर्ज काढूनच भरपाई चुकती केली होती, हे अमेरिका विसरली नव्हती. तिला जर्मनी ऋणको म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून हवा होता.

पॉट्सडॅमला तोड निघाली ती अशी : ज्याने त्याने आपापल्या विभागातून वसुली करावी. शिवाय पश्चिम विभागांतील अनावश्यक ठरेल त्या यंत्रसामग्रीपैकी १५ टक्के धान्य-कोळशाच्या बदल्यात आणि १० टक्के विनामूल्य सोव्हिएत संघाला मिळावी. वसुली वेगळी झाली, तेथेच देश दुभंगला. फाळणीचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मे १९४६ मध्ये अमेरिकन सेनानी क्ले यांनी आपल्या विभागातून जाणारी यंत्रे थांबविली. मॉस्कोने आपल्या विभागातील कारखाने आणि रेल्वेचे रूळसुद्धा उखडून नेण्याचा सपाटा आधीच लावला होता. जानेवारी १९४७ मध्ये अमेरिकन व ब्रिटिश विभाग एक झाले, जूनमध्ये मार्शल योजना आली. चेकोस्लोव्हाकियाने तिचे निमंत्रण स्वीकारले होते. मॉस्कोच्या दटावणीने ते परत करावे लागले.

२० जून १९४८ रोजी पश्चिम विभागांत नवा मार्क निघाला. चारच दिवसांत बर्लिनकडे जाणारे रस्ते आणि लोहमार्ग बंद झाले. चिथावणी कोणाची, यावर वाद जरूर घालावा; पण पश्चिम बर्लिनमधील २० लाखांवर माणसांचे अन्न आणि कोळसा अडवून धरणे याला समाजवाद म्हणता येत नाही, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे. मे १९४९ पर्यंत ही कोंडी टिकली. त्याच वर्षी दोन जर्मन राज्ये झाली.

जर्मनीच्या हाती पुन्हा शस्त्र येऊ द्यायचे नाही, हा तर पॉट्सडॅमचा सर्वसंमत ठराव होता. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत दाखल झाला, त्याच महिन्यात वॉर्सा करार झाला. १९५६ उजाडेपर्यंत दोन्ही जेत्यांनी आपापल्या जर्मनांना गणवेश चढविले होते.