अवयवांवाचून सिद्धता

आजच्या विषयाला एकच संख्या पुरेशी आहे: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की ही एकवीस अंकी संख्या मिळते. फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवले. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती मूळ नसून संयुक्त आहे हे सिद्ध केले. पण तिचा एकही अवयव त्यांच्या हाती नव्हता. अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव मांडले ते १९०३ साली. मधल्या सत्तावीस वर्षांत ल्युकांची सिद्धता अपुरी होती काय? माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे. अवयव आहेत हे कळणे आणि ते सापडणे, ही दोन स्वतंत्र ज्ञाने आहेत.

‘भाग जातो म्हणता, तर कशाने जातो ते दाखवा,’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण टिकत नाही. फर्मा यांच्या सिद्धांतानुसार विषम मूळ संख्येहून एकाने कमी असा २ चा घात घेऊन त्याला त्या संख्येने भागले, तर बाकी १ च उरते. १५ घेऊन पाहा. २ चा १४ वा घात १६३८४. त्याला १५ ने भागल्यावर बाकी ४. म्हणजे १५ मूळ नाही. यात ३ आणि ५ यांचे नावही घ्यावे लागले नाही. मेर्सेनच्या, म्हणजे २ च्या मूळ घातांकाच्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या, संख्यांपुढे मात्र २ ची ही कसोटी निरुपयोगी ठरते, म्हणून ल्युकांनी वेगळी रचली आणि पुढे लेमर यांनी ती सुटसुटीत केली. ४ पासून निघायचे. दर फेरीला वर्ग करून २ वजा करायचे आणि दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकाहून दोन कमी इतक्या फेऱ्यांनंतर शून्य आले तरच संख्या मूळ. ३१ साठी क्रम ४, १४, ८, ०, ती मूळ. २०४७ साठी शेवटी १७३६ उरतात, ती संयुक्त.

मग कोल यांचे श्रम व्यर्थ गेले का? मुळीच नाही. त्यांचे उत्तर कुणालाही साध्या गुणाकाराने पडताळता येते. पण दोन कामांतले अंतर पाहा. आपल्या संख्येला या कसोटीच्या फेऱ्या लागतात ६५. उलट तिचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीहून एकाने मोठा असतो एवढे माहीत असूनही, एकेक पट चढत गेल्यास पहिला अवयव भेटतो १४४५५८० व्या पटीला.

‘संगणकाने हे अंतर मिटवले,’ असेही कुणी म्हणेल. संगणकाने एकवीस अंकांचे काम सोपे केले, एवढेच. १९७७ सालच्या आरएसए सांकेतिक पद्धतीची सुरक्षितता प्रचंड संख्यांचे अवयव पाडण्याच्या अवघडपणावरच उभी आहे. २ च्या १२७७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही.