मातीचे डोहाळे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही विदुषी नव्हे. चूल, मूल आणि परसातला भाजीचा वाफा यांतच माझे आयुष्य गेले. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढेच सांगा." मला खात्रीने ठाऊक असलेली गोष्ट एकच आहे. ती गरोदरपणातली आहे, आणि चारचौघींत मी ती आजवर कधी सांगितलेली नाही.

आपल्याकडे डोहाळ्यांचे केवढे कौतुक! कुणाला चिंच हवी, कुणाला कैरी, तर कुणाला माती. मातीचे डोहाळे काही आजचे नव्हेत. कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणीला मातीचे डोहाळे लागल्याचे वर्णन केले आहे. राणीच्या मुखाला येणाऱ्या मातीच्या वासाने दिलीप राजाचे मन भरत नाही. पुढे पृथ्वीचा उपभोग घेणारा पुत्र व्हायचा, म्हणून राणीला आधीच मातीची गोडी लागली, अशी कवीची कल्पना आहे. कवीला ती शोभते. आपण संसारी बायकांनी मात्र तिच्यावर विसंबून राहू नये, हे मी अनुभवाने शिकले.

माझी पहिली खेप. एकत्र कुटुंब, मागे मोठे परस, परसात अळू, केळी, शेवगा आणि तुळशीवृंदावन. सकाळी चुलीवरून पोतेरे फिरवले की त्या ओल्या मातीचा वास असा काही सुटे की मला राहवत नसे. चुलीच्या कडेचा एखादा पोपडा काढायचा, पदराच्या गाठीत बांधायचा आणि परसात जाऊन हळूच तोंडात टाकायचा. एके दिवशी सासूबाईंनी पाहिले. त्या रागावल्या नाहीत, उलट हसून म्हणाल्या, "अगं, मातीचे डोहाळे म्हणजे घरात जमीनदार येणार!" घरभर आनंद झाला. जिना चढताना मला धाप लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई, नखे पांढरी पडली होती. "दिवस गेले की असे व्हायचेच," असे ज्या-त्या म्हणत. त्यांच्या मायेत काही कमी नव्हते. ठाऊक नव्हते, इतकेच.

महिनाभर आधीच मी बाळंत झाले. रक्त फार गेले. मुळातच अंगात रक्त थोडे, त्यातून ते वाहून गेलेले. धाकट्या दिरांचे रक्त जुळले म्हणून मी आज आपल्यापुढे उभी आहे. मूलही देवदयेने वाचले. शेजारच्या खाटेवरची बाई मात्र दुसऱ्या दिवशी गेली. तिला नेमके काय झाले ते मला कुणी सांगितले नाही. पण खाट आवरताना तिच्या उशाखालून पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे निघाले. आयाबाईंनी ते झटकून टाकले. ते कशासाठी ठेवले होते, हे मला एकटीलाच कळले.

भगिनींनो, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, राख, कच्चे तांदूळ किंवा नुसता बर्फ खावासा वाटणे ही पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. गरोदरपणी आईच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट व्हावे लागते, शिवाय बाळ आपला वाटा घेते. त्याला लोह पुरले नाही तर रक्तक्षय होतो. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात, आणि ७ च्या खाली गेले तर तो गंभीर होय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे बावन्न जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे हा प्रश्न परक्यांच्या घरचा नव्हे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, माती खाणारीला हसू नये, आणि रागवूही नये. रागावले की ती लपवून खाते. तिला रक्त तपासायला न्यावे. रक्त कमी असण्याची कारणे अनेक असतात. थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारखे विकारही असू शकतात. म्हणून अंदाजाने औषध न करता डॉक्टरांनाच विचारावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते; ही योजना २०१६ साली सुरू झाली.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. आशाताई त्या घरी आणून देतात, आणि पुष्कळ घरांत त्या फडताळात तशाच पडून राहतात. का? तर मळमळते, शौचाला काळे होते. काळे होणे हे गोळीमुळेच. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. गोळीच्या आधी व नंतर तासभर चहा घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यावी.

तिसरी गोष्ट परसाची. मातीचा सोस पुरवायचाच असेल तर मातीत जे उगवते ते खावे. माठ, राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला ही परसातली धने आहेत. पालेभाजीतले लोह अंगी थोडेच लागते; वर लिंबू पिळले की ते अधिक लागते. मोड आलेली मटकी, तीळ, लोखंडी कढईतली भाजी, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडी, मासळी, मटण. बीट लाल म्हणून रक्त वाढवते ही समजूत मात्र सोडावी. त्यात लोह बेताचेच असते. आणि नुसत्या भाजीवर विसंबून गोळी बंद करू नये.

परसात काम जरूर करावे. हिंडते-फिरते राहिल्याने अंग हलके राहते, मनही रमते. पण अनवाणी जाऊ नये. घाण झालेल्या मातीतले अंकुशकृमी तळपायातून अंगात शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. मांजरे जिथे घाण करतात ती माती उघड्या हाताने चाळू नये. त्यातला संसर्ग पोटातल्या बाळाला बाधतो. हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. औषधाची फवारणी आणि पाण्याच्या भरल्या बादल्या ही कामे घरातल्या पुरुषांकडे द्यावीत.

चौथी गोष्ट ताटाची. आपल्या कितीतरी घरांत सून शेवटी जेवते. तोवर भाजीचा रस्सा उरतो, उसळीचे चार दाणे उरतात. गरोदर सुनेचे ताट सगळ्यांच्या आधी वाढावे. यात लाड नाही, हिशेब आहे. ती दोन जिवांची असते.

गेल्या वर्षी माझी धाकटी सून गरोदर होती. आता परस नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सहा कुंड्या आहेत. एके दुपारी ती बर्फाचे खडे कडाकडा चावत होती. म्हणाली, "आई, उन्हाळा आहे ना, बरे वाटते." माझ्या काळजात धस्स झाले. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासले. ८.२ भरले. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या. गोळीची वेळ मुलाने सांभाळली, लिंबू मी सांभाळले, कुंड्यांत तिने मेथी पेरली. पुढे आकडा दहाच्या वर गेला, आणि बर्फाची आवड आपोआप सुटली. नात आता सात महिन्यांची आहे. मांडीवर ठरत नाही.

घरच्यांनी आणखी एवढे ध्यानात ठेवावे. रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते.

आता एक विनंती करून माझे बोलणे संपवते. आपण सगळ्या डोहाळजेवणांना जातो. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाळणे, आणि मग पेढा की बर्फी याची गंमत. ती सारी हौस असावी. मी तिच्या आड नाही. पण ओटी भरताना गर्भारशीच्या जवळ वाकून एवढे विचारा, "बाई, रक्त किती भरले? माती-बिती खावीशी वाटते का?" ती लाजली, गप्प राहिली, तर समजा आणि तिला सोबत करून दवाखान्यात न्या. आपल्या गल्लीतल्या एका जरी लेकीसुनेला मंडळाने असे हाताला धरून नेले, तर आजचा वर्धापनदिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे मी म्हणेन.