पॅडल हळूच खाली जातं तेव्हा

पुण्यात अलका चौकाच्या सिग्नलला मी ब्रेकवर पाय ठेवून उभा होतो. गाडी सोळा वर्षांची. पाय स्थिर होता, पण पॅडल सावकाश खाली चाललं होतं. सोडून पुन्हा दाबलं तर वर, धरून ठेवलं की परत खाली. दुसऱ्या दिवशी आईला महाबळेश्वरला न्यायचं होतं आणि येताना उतरायचा होता पसरणीचा घाट.

गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून बाटली पाहिली. ‘‘ऑइल फुल आहे साहेब, एअर असेल. काढून देतो.’’ पण एअर तर त्यानंच चार दिवसांपूर्वी काढली होती!

श्रोतेहो, इथेच पुष्कळजण फसतात. एअर असली तर पॅडल स्पंजासारखं लागतं. मागचे ब्रेक लायनर झिजले तर ते खोल जातं, पण दोन-तीनदा पंप केलं की वर येऊन तिथंच थांबतं. धरलेलं पॅडल खाली सरकतं, तेव्हा दाब कुठून तरी निसटत असतो. बाहेर गळती असेल तर बाटलीतलं ऑइल उतरतं, टायरची आतली बाजू ओली दिसते. आणि बाहेर कुठंच थेंब नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरवर. त्यातला रबरी वॉशर झिजला की ऑइल त्याच्या कडेनं मागं सरकतं आणि पुन्हा बाटलीतच येतं. म्हणजे ‘ऑइल फुल’ हा दिलासा नव्हताच.

घरी तपासता येतं. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाचदा दाबा, म्हणजे बूस्टरचा व्हॅक्यूम संपेल. मग बेताच्या जोरानं अर्धा मिनिट धरा. बेताच्याच, कारण जोरात दाबल्यावर वॉशरची कड फाकून घट्ट बसते आणि दोष लपतो. गॅरेजमध्ये पॅडल नेमकं जोरात दाबून बघतात! पॅडल सरकलं तर गाडी बाहेर काढू नका. मात्र पॅडल धरून इंजिन सुरू केल्यावर ते जरासं खाली जातं, तो दोष नव्हे. ते बूस्टरचं काम.

मग चार दिवसांपूर्वी काय झालं होतं? एअर काढताना पोऱ्यानं पॅडल तळापर्यंत दाबलं होतं. रोजच्या वापरात पिस्टन तेवढा आत जात नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे जुन्या सिलिंडरच्या त्या न वापरलेल्या भागात गंज धरतो. वॉशरची कड त्यावरून घासली आणि फाटली. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला असता तर वाचलं असतं.

नुसतं वॉशर किट टाकून भागलं नाही, आतून खड्डे पडले होते. अख्खा मास्टर सिलिंडर बदलला. आई आठवडाभर रुसली. पुढच्या रविवारी दुसऱ्या गिअरमध्ये पसरणी उतरत होतो, तर म्हणाली, ‘‘किती रे हळू चालवतोस!’’